भूल आणि जाग



वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बसून ऐकावयाचे विषय निराळे असतात. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतो, कोणी अर्थकारणावर, कोणी हिमालयातल्या वाटांवर. अशा मालिकेत चालकांनी एका भूल देणाऱ्या डॉक्टरला बोलाविले, याचे आम्हांस प्रथम नवलच वाटले. आमचा धंदा माणसे झोपविण्याचा. व्याख्यानाला आलेले लोक झोपले तर ती वक्त्याची नाचक्की. शस्त्रक्रियेला आलेले लोक झोपले नाहीत तर ती आमची. यांपैकी दुसऱ्या नाचक्कीविषयी आज बोलावयाचे आहे.

‘भूल’ हा मराठीतला मोठा बहुरंगी शब्द आहे. हिशेबात होते ती भूल म्हणजे चूक. रानात वाट सुटली तर भूल पडली म्हणतात. कोणाच्या रूपाला माणूस भुलतो, तो मोह. आणि दवाखान्यात आम्ही देतो तीही भूलच. ही शेवटची भूल ज्याला पुरी पडली नाही त्याच्या बाबतीत बहुधा पहिल्या अर्थाची भूल कोणाच्या तरी हातून झालेली असते. एवढे मनाशी धरून पुढे जाऊ.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही रोग्याला भेटावयास जातो. त्या वेळी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न सर्वांदेखत होतो : “डॉक्टर, नंतर जाग येईल ना?” दुसरा प्रश्न नातलग चहाला बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून होतो : “आणि मधेच जाग आली तर?” पहिल्या प्रश्नाला सारे गंभीरपणे उत्तर देतात. दुसऱ्याला बहुतेक जण हसतात. घरचे म्हणतात, “काहीतरीच काय!” आम्ही डॉक्टरही पाठीवर हात ठेवून म्हणतो, “घाबरू नका, तसं काही होत नाही.” आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे हेच उत्तर देत आलो. ते उत्तर खरे नाही, हे आम्हांस एका बाईंनी शिकविले.

गोष्ट बरीच जुनी आहे. आम्ही शिक्षण संपवून एका रुग्णालयात नुकते कामाला लागलो होतो. प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंवर पोटाची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली. आत रक्तस्राव झालेला, रक्तदाब खाली आलेला. अशा वेळी भुलीचे औषध जास्त झाले तर उरलासुरला रक्तदाबही जातो, म्हणून आम्ही वायू अगदी बेताने सोडला होता. शस्त्रक्रिया पार पडली आणि बाई वाचल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या खाटेजवळ गेलो तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “मोठ्या डॉक्टरांच्या मुलीसाठी कार्यालय मिळालं का हो?”

आमच्या पायांखालची जमीन सरकली. पोट उघडलेले असताना सर्जनसाहेब परिचारिकेशी मुलीच्या लग्नाबद्दल बोलले होते, मे महिन्यात एकही कार्यालय मोकळे नाही म्हणून कुरकुरले होते. ते बोलणे त्या खोलीबाहेर झालेले नव्हते. आम्ही घाईने म्हणालो, “बाहेर कुणीतरी बोललं असेल. औषधाने असे भास होतात, बाई.” बाईंनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरविले. आम्ही पुढच्या खाटेकडे गेलो.

असे का घडू शकते हे कळण्यास थोडे मागे जावे लागते.

वेदना विसरविण्याची धडपड जुनीच आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला मद्य द्यावे, म्हणजे शस्त्राची वेदना त्याला कळत नाही, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. परंतु मद्याने भागत नाही, हे ज्यांनी सोसले त्यांना ठाऊक. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा एक स्तन १८११ साली पॅरिसमध्ये कापून काढला, तेव्हा आधी थोडे मद्य पोटात गेले होते, एवढाच आधार. ती शुद्धीवर होती. तिने हा प्रसंग बहिणीला पत्रातून कळविला, पण ते पत्र लिहून पुरे होण्यास कित्येक महिने लागले. जखम केव्हाच भरली होती, पण आठवण भरून आली नव्हती.

पुढे अमेरिकेत दोन प्रयोग झाले. दोन्ही बोस्टन शहरात, आणि त्यांत दोन वर्षांचेही अंतर नाही. जानेवारी १८४५ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोक ज्याला हसविणारा वायू म्हणत तो, देऊन सर्वांसमोर एकाचा दात काढला. दात निघताना रोगी ओरडला. जमलेले विद्यार्थी हसले, हुर्यो झाली आणि वेल्स खाली मान घालून परतला. वस्तुतः आपणांला फारसे दुखले नाही असे त्या रोग्याने मागाहून सांगितले, अशी नोंद आहे. पण तोवर सभा उठलेली होती.

दुसरा प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ चा. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने गिल्बर्ट अॅबट या तरुणाला ईथर हुंगविले आणि जॉन वॉरन या वयोवृद्ध सर्जनने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. अॅबट बहुतांशी शांत पडून होता. जगाने हा भूलशास्त्राचा जन्मदिवस मानला. आजही १६ ऑक्टोबर हा दिवस आम्ही मंडळी पाळतो. पण शुद्धीवर आल्यावर अॅबटने काय सांगितले? शस्त्रक्रिया चालू आहे हे आपल्याला कळत होते, मात्र दुखले नाही. मानेवर काहीतरी खरवडल्यासारखे वाटले.

श्रोतेहो, या दोघांच्या जबान्या शेजारी ठेवून पाहा. जो ओरडला त्याला फारसे कळलेच नव्हते, आणि जो स्वस्थ पडला होता त्याला कळत होते. जगाने पहिल्याला अपयश म्हटले, दुसऱ्याला यश. माणूस हालला नाही म्हणजे तो झोपला, हा समज भूलशास्त्राच्या पाळण्यापासूनच चुकीचा होता.

त्या काळी या गोष्टीकडे लक्ष गेले नाही, कारण दुसरीच भीती समोर उभी राहिली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोचे जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. त्याच्या निर्णयासाठी निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन मंडळे नेमली गेली. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. डॉक्टर लॉरी यांच्या त्या मंडळांनी श्वासाकडे पाहा, नाडीची चिंता करू नका असा निर्वाळा दिला. तो निर्वाळा चुकीचा होता. हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदय एकाएकी थरथरून बंद पडते, हे १९११ साली लेव्ही या इंग्रज डॉक्टरने दाखविले. सांगण्याचा मुद्दा असा की, भूल देणारा नेहमी दोन कड्यांमधून चालत असतो. एका बाजूला औषध जास्त होण्याचे भय, दुसऱ्या बाजूला कमी पडण्याचे. आमच्या पूर्वसूरींनी पहिल्या कड्यावर पहारा ठेवला. तेही योग्यच होते, कारण माणसे मरत होती.

शिवाय ईथरच्या काळात रोग्याचे शरीर स्वतःच बोलत असे. आर्थर गेडेल या अमेरिकन डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ईथरच्या भुलीच्या पायऱ्यांचा एक तक्ता केला. श्वास कसा चालतो, बुबुळे फिरतात की स्थिर आहेत, बाहुली किती मोठी आहे, पापणीला स्पर्श केल्यास ती मिटते की नाही, यांवरून रोगी किती खोल गेला ते कळे. भूल कमी पडली तर रोगी हातपाय झाडी, श्वास रोखी आणि भूल देणारा औषध वाढवी. रोग्याला बोलता येत नसले तरी तक्रार करता येत होती.

ही तक्रार करण्याची सोय १९४२ साली गेली. २३ जानेवारी १९४२ या दिवशी कॅनडातील माँट्रिअल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाला क्युरारे टोचले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणांना लावीत ते हे विष. त्याने स्नायू लुळे पडतात. पोटाचे स्नायू असे सैल पडले की सर्जनला काम सोपे होते, आणि स्नायू सैल करण्यासाठी ईथर ओतावे लागत नाही. थोड्या भुलीत मोठी शस्त्रक्रिया होऊ लागली. म्हातारे, हृदयविकारी, अशक्त अशी ज्यांना पूर्वी कोणी टेबलावर घेतले नसते, ती माणसे वाचू लागली. हा लाभ लहान नाही. आजही पोटाच्या आणि छातीच्या मोठ्या शस्त्रक्रिया याच जातीच्या औषधांवर चालतात. मात्र या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. रोग्याला हात हलविता येत नाही, डोळा उघडता येत नाही, कण्हताही येत नाही. भूल कमी पडली तरी तो तसाच स्वस्थ दिसतो.

असे स्नायू लुळे पडले असता मन जागे राहते काय, याविषयी त्या वेळी डॉक्टरांतच मतभेद होते. क्युरारेने थोडी गुंगीही येते असे काहींना वाटे. अमेरिकेतील युटा येथील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने याचा निकाल स्वतःच्या देहावर लाविला. भुलीचे कोणतेही औषध न घेता तो टेबलावर आडवा झाला आणि श्वास थांबण्यास जेवढे क्युरारे पुरते त्याच्या अडीचपट त्याने टोचून घेतले. सहकारी पिशवी दाबून त्याला श्वास देत होते, टोचून पाहत होते, प्रश्न विचारीत होते. शुद्धीची परीक्षा होती, आणि उत्तर देण्यास एकही स्नायू जागेवर नव्हता. औषध उतरल्यावर त्याने काय काय विचारले गेले, कोठे टोचले गेले, सारे बिनचूक सांगितले. क्षणभरही शुद्ध हरपली नव्हती. हा प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. स्नायू सैल करणारे औषध हे भूल नव्हे, हे तेव्हापासून निर्विवाद ठरले.

आमच्या बाईंचे काय झाले असेल ते आता आपल्या ध्यानात आले असेल. स्नायूंचे औषध पुरेपूर दिले होते आणि भुलीचा वायू बेताचा होता.

आता कोणी विचारील की, असे कितीदा होते? २०१४ साली ब्रिटन आणि आयर्लंड या दोन देशांतील भूलतज्ज्ञांनी याची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे १९,००० संपूर्ण भुलींत एका रोग्याने आपण होऊन अशी तक्रार केल्याचे आढळले. जेथे स्नायूंचे औषध वापरले तेथे सुमारे ८,००० त एक. जेथे वापरले नाही तेथे सव्वा लाखाहून अधिकांत एक. संपूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियांत मात्र सुमारे ६७० त एक; कारण तेथे घाई असते आणि बाळाच्या काळजीने औषध कमी ठेवण्याकडे कल असतो. आज बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात, ही त्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे.

परंतु आकड्यांना दुसरी बाजू आहे. स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११,७८५ रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर निरनिराळ्या दिवशी तीनदा विचारण्यात आले. त्यांत १८ जणांना मधले काहीतरी आठवत होते. म्हणजे हजारांत एक-दोन. दोन आकड्यांत एवढे अंतर का? काही वाटा पाहणीच्या रीतीतील फरकाचा आहे. पण एक कारण साधे आहे. पहिल्या पाहणीत रोग्याने आपण होऊन सांगण्याची वाट पाहिली होती, दुसरीत जाऊन विचारले होते. बाईंसारखी माणसे भिंतीकडे तोंड फिरवून गप्प बसतात, ती पहिल्या मोजणीत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. स्कॉटलंडमधील टन्स्टल या डॉक्टरने १९७७ साली एक सोपी युक्ती वर्णिली. स्नायूंचे औषध टोचण्यापूर्वी एका दंडाला पट्टा आवळावा, म्हणजे तो हात लुळा पडत नाही. मग भुलीतल्या रोग्याच्या कानाशी म्हणावे, “ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.” आश्चर्य असे की काही जण दाबतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या अभ्यासात २६० रोग्यांपैकी १२ जणांनी नळी घातल्यानंतर अशी खूण दिली. परंतु नंतर विचारता त्यांतल्या एकालाही काही आठवत नव्हते. म्हणजे कळणे, दुखणे, हालणे आणि आठवणे हे चार निरनिराळे दरवाजे आहेत. भुलीचे औषध ते एकदम बंद करीत नाही. आठवणीचा दरवाजा बहुधा लवकर लागतो, हालचालीचा उशिरा. थोडीशी जाणीव झाली आणि आठवण राहिली नाही, तर तिला काय म्हणावे, यावर आमच्या शास्त्रात अजून वाद चालू आहे. हे सारे आम्ही आपणांस घाबरविण्यासाठी सांगत नाही. हात दाबणाऱ्या त्या रोग्यांना उठल्यावर काही आठवत नव्हते. ज्याला आठवत राहते त्याचा प्रश्न मोठा.

जे घडते ते केव्हा घडते, हेही त्या ब्रिटिश पाहणीत दिसले. दोन तृतीयांश प्रसंग शस्त्रक्रियेच्या मध्यावर नव्हे, तर आरंभी झोप लागताना किंवा अखेरीस जाग येताना घडले होते. कोठे नळी घालण्यास वेळ लागला आणि पहिल्या औषधाचा अंमल उतरला, कोठे सुया बदलल्या गेल्या आणि भुलीआधी स्नायूंचे औषध गेले, कोठे शेवटी वायू बंद केला पण स्नायूंचे औषध उतरले नव्हते. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आतले होते. वेदना सर्वांना झाली नव्हती. ज्यांना पुढे फार त्रास झाला त्यांना छळले ते मुख्यतः हलता येत नाही या जाणिवेने. आपण लुळे झालो, मेलो किंवा जिवंतपणी पुरले गेलो, असे त्यांना वाटले. भूल देताना स्नायू मुद्दाम सैल करतात, ते थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होतात, हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

यावर उपाय काय आहेत? पहिला उपाय यंत्राचा. रोग्याच्या उच्छ्वासात भुलीचा वायू किती आहे हे आज यंत्र क्षणोक्षणी मोजते, आणि प्रमाण घटले की घंटा वाजते. वायूऐवजी शिरेतून औषध देतात तेव्हा ही मोजणी चालत नाही; सुई शिरेतून निसटली तर औषध चादरीत जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून सुईचा हात झाकू नये, असा आमचा दंडक आहे. कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या विद्युत्‌लहरी वाचणारे यंत्रही निघाले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांच्या अभ्यासात, ज्यांना धोका अधिक अशा सुमारे अडीच हजार रोग्यांत, हे यंत्र वापरलेल्या गटात दोघांना जाग आली, न वापरलेल्या गटात अकरांना. पुढे २००८ आणि २०११ सालच्या अभ्यासांत मात्र उच्छ्वासातील वायूची घंटा त्या यंत्राहून कमी ठरली नाही. तात्पर्य, कोणत्याही घंटेचा उपयोग ती ऐकणारा माणूस जागा असेल तरच. शस्त्रक्रियागृहात एकाने झोपावयाचे असते आणि एकाने जागावयाचे असते. दुसऱ्याचे काम चुकले तर पहिल्याचे चुकते.

दुसरा उपाय आपल्या हातातला आहे. आदल्या दिवशी भूल देणारा भेटावयास येतो तेव्हा त्याला सारे खरे सांगावे. पूर्वी कधी भूल घेतली होती काय, तेव्हा काही आठवत होते काय, रोज मद्य घेता काय, झोपेच्या गोळ्या चालू आहेत काय. पुष्कळ घरांत मद्याची गोष्ट म्हाताऱ्या आईसमोर निघत नाही. तसे असेल तर आईला बाहेर पाठवावे, पण डॉक्टरपासून लपवू नये. ज्याला रोजच्या मद्याची सवय आहे त्याला भूल अधिक लागू शकते. आणि आपल्याला कमरेत इंजेक्शन देणार की पूर्ण झोपविणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. कमरेखाली बधिर केलेल्या माणसाला वरचे बोलणे ऐकू येते, हत्यारांचा आवाज येतो, ते ठरल्याप्रमाणेच असते. हे आधी न सांगितल्यामुळे ‘मला मधेच जाग आली’ अशी धास्ती घेतलेले लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. चूक त्यांची नव्हे, न सांगणाऱ्याची.

तिसरा उपाय नंतरचा. १९७० साली ब्राइस या डॉक्टरने सुचविलेल्या प्रश्नांच्या धर्तीवर पाच साधे प्रश्न आहेत. झोपण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते? उठल्यावरचे पहिले काय आठवते? मधले काही आठवते काय? स्वप्न पडले काय? आणि सर्वांत अप्रिय असे काय वाटले? हे प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. आठवण कधी कधी आठवड्याने वर येते, म्हणून पुन्हा विचारावे. आपल्याकडे टाके बरे आहेत ना, जेवण जाते ना, असे दहा प्रश्न होतात. हे पाच होत नाहीत. घरातल्या माणसांनीही हे विचारण्यास हरकत नाही.

आता बाईंची गोष्ट पुरी करू. त्या प्रसंगानंतर दहा-अकरा वर्षांनी एक तरुण आम्हांस भेटावयास आला. त्याच्या मावशीला पित्ताशयात खडे होते, कावीळ झाली होती, पण ती काही केल्या शस्त्रक्रियेला तयार होत नव्हती. कित्येक वर्षे पोटशूळ सोशीत होती. शेवटी तिने एक अट घातली होती : भूल देणाऱ्या माणसाशी आधी बोलेन. आम्ही गेलो. खाटेवर त्याच बाई होत्या. केस पिकले होते. त्यांनी आम्हांस ओळखले, आम्हीही ओळखले.

भाच्याला बाहेर पाठवून आम्ही म्हणालो, “बाई, त्या दिवशी तुम्ही जाग्या होतात. भास नव्हता तो. आम्हांला तेव्हाच कळलं होतं, आणि आम्ही खोटं बोललो.”

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग कार्यालय मिळालं होतं का?”

“मिळालं होतं, बाई.”

त्यानंतर त्यांनी सारे सांगितले. दुखले होते, पण ते विसरता आले असते. हात उचलावा म्हटले तर उचलेना. पायाचा अंगठा तरी हलवावा म्हणून त्यांनी सारा जीव त्यात घातला होता. मग घाबरू नये म्हणून मनातल्या मनात पाढे म्हणू लागल्या. एकोणतीसच्या पाढ्यात अडकल्या. आणि पुढची कित्येक वर्षे रात्री झोप मोडली की तोच पाढा तोंडात येई. घरी सांगितले तर सारे म्हणाले, डॉक्टरच म्हणाले ना भास म्हणून. “मलाही वाटू लागलं,” त्या म्हणाल्या, “की माझंच डोकं फिरलंय.”

श्रोतेहो, भूल बेताची ठेवली याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. त्या दिवशी अधिक दिली असती तर बाई कदाचित टेबलावरच गेल्या असत्या. पश्चात्ताप आहे तो तिसऱ्या दिवसाच्या उत्तराचा. त्या ब्रिटिश पाहणीतही हेच दिसून आले आहे : ज्यांच्या सांगण्यावर लगेच विश्वास ठेवला गेला, काय झाले ते ज्यांना समजावून दिले गेले, त्यांतले पुष्कळ जण सावरले. आमचे एक वाक्य खरे असते तर बाईंची दहा वर्षांची झोप वाचली असती, आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया कावीळ होण्याच्या आधी झाली असती. भीतीने मागे राहिलेल्या शस्त्रक्रियांची मोजणी कोणतेच यंत्र करीत नाही.

ती शस्त्रक्रिया झाली. काय काय करणार ते आम्ही बाईंना क्रमाने सांगितले, आणि डोळे मिटेपर्यंत त्यांचा हात हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाच प्रश्न विचारले. मधले काही आठवते काय, या प्रश्नावर बाई थोडा वेळ आठवीत राहिल्या आणि म्हणाल्या, “काही नाही. पाढेसुद्धा नाहीत.”

म्हणून आज आपल्याशी एवढेच मागणे आहे. आपल्यापैकी कोणावर किंवा घरातल्या माणसावर शस्त्रक्रियेची वेळ आली, तर त्या दुसऱ्या प्रश्नाला हसू नका. तो मोठ्याने विचारा, सर्वांदेखत विचारा. उत्तर देणारा म्हणेल की असे फार क्वचित होते, आणि होऊ नये म्हणून आम्ही हे हे करतो. तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. तो नुसताच हसला तर पुन्हा विचारा. आणि घरी परतलेला कोणी आठ दिवसांनी म्हणाला की मला आतले काहीतरी आठवते आहे, तर त्याला भास ठरविण्याची घाई करू नका. आधी ऐका, मग त्याला घेऊन भूल देणाऱ्या डॉक्टरकडे जा. त्याने काय सांगितले ते डॉक्टरला कळणे डॉक्टरच्याही हिताचे आहे. आमच्यासारख्याला ते कळण्यास दहा वर्षे लागली.

 आपण सर्व जण शेवटपर्यंत जागे राहिलात, याबद्दल आपले आभार. आमच्या धंद्यात असे सुख क्वचितच वाट्याला येते.